हृदयाच्या घरात कोण राहते?



जून महिना येशूच्या पवित्र हृदयाला वाहिलेला आहे. पावसाची पहिली सर आणि पवित्र हृदयाची नोव्हेना आपल्याकडे साधारण बरोबरच येतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, दारातून आत पाऊल टाकताच समोर दिसेल अशा जागी, ती तसबीर असते. तिच्याखाली लहानसा लाल बल्ब असतो. बल्ब गेला की बदलायचा, लग्नाआधी घराला रंग काढला की तसबीर पुसून पुन्हा टांगायची, एवढाच तिच्याशी काही घरांचा संबंध उरला आहे. फादर मातेओ क्रॉली-बोवी यांनी १९०७ साली घराघरांत या हृदयाची प्रतिष्ठापना करण्याचा प्रसार सुरू केला तेव्हा त्यांच्या मनात भिंतीची सजावट नव्हती. घरातले हिशेब, भांडणे, सोयरिकी, आजारपणे या सगळ्यांत त्या हृदयाला जागा मिळावी, असा त्यांचा आग्रह होता.

त्या तसबिरीतील हृदय आपल्या इतके सवयीचे झाले आहे की ते मांसाचे आहे हेच आपण विसरतो. मला त्याची नव्याने आठवण करून दिली ती काही ललित निबंधांनी. आपल्याच धर्मग्रामातील एक मुलगी मुंबईतील एका रुग्णालयात हृदयरोग विभागात परिचारिका आहे. ईस्टरच्या सुट्टीत ती भेटायला आली आणि एक लहानसे पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाली, ‘‘फादर, हे वाचा. लेखक कॅथलिक आहे. मला खूप आवडलं, पण एका ठिकाणी मी अडले आहे. तुम्ही वाचलंत की मग विचारते.’’

लेखकाचे नाव ब्रायन डॉयल. न्यूयॉर्कमध्ये १९५६ साली जन्मलेला हा माणूस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पोर्टलंड येथे स्थायिक झाला. तिथल्या कॅथलिक विद्यापीठाच्या मासिकाचे संपादन त्याने १९९१ पासून मृत्यूपर्यंत केले. मेंदूतील गाठीमुळे मे २०१७ मध्ये, साठाव्या वर्षी तो वारला. त्याला जुळे मुलगे झाले. त्यांतील एकाच्या हृदयात एक कप्पा कमी होता. आपल्या हृदयाला चार कप्पे असतात. या बाळाला तीनच. तान्हेपणीच त्या मुलाच्या छातीवर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. मुलगा जगला, मोठा झाला. बापाने मात्र त्या दिवसांपासून हृदय या गोष्टीचा ध्यास घेतला. त्यातून २००५ साली ‘द वेट एंजिन’, म्हणजे ओले इंजिन, हे पुस्तक आले. त्याआधी २००४ साली ‘होयास व्होलादोरास’ हा त्याचा दोन-तीन पानांचा निबंध एका अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. या स्पॅनिश शब्दांचा अर्थ ‘उडती रत्ने’. अमेरिका खंडात आलेल्या पहिल्या युरोपियनांनी हमिंगबर्ड या इवल्या पक्ष्याला दिलेले हे नाव.

(आपल्या जास्वंदीवर येणाऱ्या शिंजीर पक्ष्याला काही जण हमिंगबर्ड म्हणतात. तो वेगळा. खरा हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतो.)

निबंध सुरू होतो तो या पक्ष्याच्या हृदयापासून. पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराएवढे ते हृदय सेकंदाला दहा ठोके आणि कधी त्याहूनही जास्त घेते. थंड रात्री हा पक्षी जवळजवळ मेल्यासारखा होतो. हृदयाची गती इतकी मंदावते की सकाळी ऊब मिळाली नाही तर ते थांबूनच जायचे. तिथून लेखक थेट निळ्या देवमाशाकडे जातो. त्याचे हृदय एका खोलीएवढे, सात टनांचे, असे तो लिहितो. हा आकडा खरा नाही. कॅनडाच्या किनाऱ्यावर २०१४ साली वाहून आलेल्या देवमाशाचे हृदय शास्त्रज्ञांनी बाहेर काढून वजन केले, तेव्हा ते दोनशे किलोच्या आसपास भरले. पण गंमत अशी की २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार खोल बुडी मारताना या प्राण्याचे हृदय मिनिटाला दोन ठोक्यांपर्यंत मंदावते! लेखकाला हे कळले असते तर त्याने आणखी एक निबंध लिहिला असता.

नंतर तो कप्प्यांकडे वळतो. माशाच्या हृदयाला दोन कप्पे, बेडकाला तीन, पक्ष्यांना आणि आपल्याला चार. बाजारातल्या पापलेटाच्या छातीतही एक दोन खोल्यांचे घर होते, हा विचार मी त्याआधी केला नव्हता. आणि ज्या बापाच्या मुलाला बेडकाएवढेच कप्पे मिळाले, त्याने ही यादी लिहिताना काय सोसले असेल? निबंधात तो मुलाचा उल्लेखही करत नाही. पुस्तक वाचल्यावरच ती ओळ जड होते.

मनापासून सांगतो, डॉयलचे सगळेच लेखन मला सारखे आवडले नाही. त्याची वाक्ये स्वल्पविरामांवर स्वल्पविराम घेत अर्धे पान धावतात. शाळेतून घरी आलेले मूल दप्तर न उतरवता दिवसभराचे सारे एका दमात सांगते, तसे. काही पानांवर गोडवा अती झाला आहे. पण मुलाच्या छातीविषयी तो लिहितो तिथे गोडवा गळून पडतो. तिथे नळ्या आहेत, टाके आहेत, रक्त आहे. आणि तिथेच तो खरा कॅथलिक लेखक वाटतो, कारण त्याच्या लेखी हृदय हे आधी मांस आहे.

आपल्या मराठीत या एका गोष्टीसाठी किती शब्द! डॉक्टर तपासतात ते हृदय. विचार येतात ते मन. प्रार्थना करतो ती अंतःकरणातून. आणि दुःख झाले की तुटते ते काळीज. आपण हा कारभार असा वाटून टाकला आहे. त्यामुळे ‘येशूचे पवित्र हृदय’ म्हटले की पुष्कळांना ती केवळ गोड भावना वाटते. बायबलची हिब्रू भाषा अशी वाटणी करत नाही. तिथे माणूस हृदयानेच विचार करतो, हृदयानेच ठरवतो, हृदयानेच हट्ट करतो. शलमोन राजाने देवाकडे मागितले ते ऐकणारे हृदय (१ राजे ३:९). पवित्र मारियेने मेंढपाळांचे बोलणे आणि मंदिरातील बारा वर्षांच्या मुलाचे उत्तर साठवून ठेवले ते हृदयातच (लूक २:१९, ५१). आणि यहेज्केल संदेष्ट्याच्या तोंडून देवाने जे वचन दिले तेही हृदयाचेच. दगडाचे काढून मांसाचे हृदय देईन, असे त्याचे आश्वासन आहे (यहेज्केल ३६:२६). मांसाचे, म्हणजे जे दुखते. ज्याला जखम होते. ज्याचे ठोके मोजलेले आहेत.

मोजलेले हा शब्द मी सहज वापरलेला नाही. माणसाचे हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडते. सत्तर वर्षांचे आयुष्य धरले तर अडीचशे कोटींहून अधिक ठोके. प्रत्येक प्राण्याला ठोक्यांची साधारण सारखीच शिदोरी मिळते, असे डॉयल ढोबळमानाने मांडतो; हमिंगबर्ड ती दोन वर्षांत उधळतो, कासव शतकभर पुरवून खाते. देवाच्या पुत्रानेही ही मोजकी शिदोरी स्वीकारली. मारियेच्या उदरात, गर्भ राहिल्यापासून तीन-चार आठवड्यांत आपणा सर्वांचे जसे सुरू होते, तसे ते हृदय धडधडू लागले. आणि तेहतीस-एक वर्षांनी एका शुक्रवारी दुपारी थांबले. आपण भक्ती करतो ती या हृदयाची.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो.

निबंधाच्या शेवटाकडे डॉयल म्हणतो की हृदय हे घर धरले तर त्या घरात आपण प्रत्येक जण अखेर एकटेच राहतो. आईवडील, जोडीदार, मुले यांच्यासाठी आपण खिडक्या उघडतो. पण पूर्ण आत कोणालाच घेत नाही. तरुणपणी वाटते की एक जण असा भेटेल की जो सगळे समजून घेईल. वय वाढते तसे कळते की ते लहान मुलाचे स्वप्न होते.

ती म्हणाली, ‘‘फादर, मी इथेच अडले. हे खरं आहे का? कारण मी ते पाहिलंय.’’ मग तिने २०२० सालच्या दिवसांविषयी सांगितले. कोरोनाच्या त्या महिन्यांत नातेवाइकांना वॉर्डात येऊ देत नसत. एक आजोबा होते. त्यांच्या बायकोशी बोलणे करून देण्यासाठी हिने पीपीई किटच्या हातमोज्यांत फोन धरून ठेवला होता. आजी तिकडून विचारत होत्या, जेवलात का? आजोबा मान हलवत होते. ते जेवले नव्हते. मरतो आहोत हे त्यांना ठाऊक होते, आजींनाही असावे. पन्नास वर्षांच्या संसारानंतर दोघे जेवणाविषयी बोलत होते. ‘‘मी दोघांच्या मध्ये उभी होते,’’ ती म्हणाली, ‘‘आणि दोघंही एकटे होते.’’

अशा वेळी धर्मगुरूकडून लगेच दिलाशाची अपेक्षा असते. मी तिला आधी सांगितले की लेखकाचे म्हणणे पवित्र पुस्तकाच्या विरुद्ध नाही. नीतिसूत्रांच्या चौदाव्या अध्यायातील दहावे वचन काढून पाहा. प्रत्येक हृदयाला आपला कडवटपणा आपणच ठाऊक असतो, आणि त्याच्या आनंदातही परका वाटेकरी होऊ शकत नाही, असाच त्याचा आशय आहे. इतकी वर्षे प्रायश्चित्त संस्काराच्या जाळीमागे बसणाऱ्या माणसाला हे वचन पटवून द्यावे लागत नाही. चाळीस वर्षे एका छपराखाली राहिलेल्यांनाही एकमेकांची एखादी खोली कधीच उघडलेली नसते. त्यात नेहमी कपट असते असे नाही. कधी लाज असते, कधी दुसऱ्याला त्रास नको ही माया असते. जेवलात का, या प्रश्नाला हलवलेली ती मान ही मायाच होती. खिडकी होती ती, असे मी तिला म्हणालो. तू ती हातात धरून उभी होतीस.

आणि येशू? गेथसेमनी बागेत त्याने तिघा जिवलगांना जवळ बसायला सांगितले, जागे राहायला सांगितले. ते झोपले. आदल्याच घटकेला ज्या शिष्याने जेवताना त्याच्या उराशी डोके टेकले होते, तोही झोपला. देवाच्या पुत्राच्या हृदयाच्या घरातही त्या रात्री दुसरे कोणी नव्हते. हा एकटेपणा त्याने टाळला नाही. म्हणून एकटे पडणे हे विश्वास कमी असल्याचे लक्षण आहे, असे कृपा करून कोणी आजाऱ्याच्या उशाशी बसून सांगू नये.

पण डॉयल थांबतो तिथे मला थांबता येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात शिपाई मेलेल्या येशूच्या कुशीत भाला खुपसतो आणि रक्त व पाणी बाहेर येते (योहान १९:३४). योहान कूस म्हणतो, हृदय म्हणत नाही, हे खरे. मूळ ग्रीक शब्द भोसकण्याचा आहे. जुन्या लॅटिन भाषांतरात मात्र त्या ठिकाणी ‘उघडली’ असा शब्द आला आहे, आणि संत ऑगस्टीन त्या एका शब्दापाशी रेंगाळतो. शिपायाने कुशीवर वार केला किंवा जखम केली असे न लिहिता ती उघडली असे लिहिले, याचे त्याला अप्रूप वाटते. जीवनाचे दारच जणू तिथे उघडले. आदामाच्या कुशीतून हव्वा, तशी या कुशीतून ख्रिस्तसभा, असे धर्मपित्यांनी पाहिले.

खिडकी आतून उघडता येते. जेवढी हवी तेवढी, आणि वारा आला की लावून घेता येते. इथे बाहेरून, एका अनोळखी माणसाच्या हाताने, भिंतच फुटली आहे. पुनरुत्थानानंतरही ती बुजलेली नाही. थॉमसला प्रभू तिथे हात घालायला सांगतो (योहान २०:२७). तेव्हा, ज्या घरात कोणी एकटे राहत नाही असे एक हृदय आहे, असे मी तिला म्हणालो. माझे किंवा तुझे हृदय तसे आहे असा दावा मी करत नाही. आजोबांच्या शेवटच्या रात्री त्यांच्या खोलीत कोण आत होते, हे तुला किंवा आजींना दिसण्यासारखे नव्हते.

ती गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘हे आजींना कसं सांगायचं?’’ याचे उत्तर माझ्याकडे तयार नव्हते, आणि मी तसे तिला सांगितले.

त्यानंतर संत मार्गारेट मेरी आलाकोक हिचे चरित्र मी पुन्हा वाचायला काढले. फ्रान्समधील पारे-ले-मोनियाल येथील मठात १६७३ ते १६७५ या काळात तिला पवित्र हृदयाचे दर्शन झाले. आपल्याला आज वाटते, केवढे हे भाग्य! प्रत्यक्षात मठातील अनेक भगिनींचा तिच्यावर विश्वास नव्हता. जगाला एका उघड्या हृदयाविषयी सांगण्याची आज्ञा जिला मिळाली, तिचे स्वतःचे हृदय उघडायला जागा नव्हती. फादर क्लोद द ला कोलोंबिएर हे येशूसंघीय धर्मगुरू १६७५ साली तिथे आले आणि त्यांनी तिचे ऐकून घेतले. नंतर सगळे काही झाले: १८५६ साली हा सण सर्व ख्रिस्तसभेसाठी ठरला, १८९९ साली पोप लिओ तेरावे यांनी अखिल मानवजात या हृदयाला समर्पित केली, १९२० साली मार्गारेट मेरी व १९९२ साली क्लोद संत म्हणून घोषित झाले. पण त्या सगळ्याच्या आधी एक माणूस खुर्चीवर बसून दुसऱ्याचे ऐकत होता.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. पोप फ्रान्सिस यांनी येशूच्या हृदयावर ‘दिलेक्सित नोस’ हे परिपत्रक ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केले; एप्रिल २०२५ मध्ये ते देवाघरी गेले, तेव्हा हे त्यांचे शेवटचे परिपत्रक ठरले. त्यात ते आजीच्या स्वयंपाकघराची आठवण काढतात. आई किंवा आजीला मदत करताना भरलेल्या पिठाच्या कडा काट्याने दाबून बंद करायच्या, ती आठवण कोणतेही यंत्र पकडू शकणार नाही, असे ते म्हणतात. आणि डॉयलचा निबंध संपतो तोही स्वयंपाकघरात: सकाळी मुलांसाठी काही भाजत असलेल्या वडिलांचा तिथून येणारा आवाज एवढाही हृदयाच्या साऱ्या भिंती पाडायला पुरेसा आहे, अशा अर्थाने. दोघांची गाठ पडली नसेल. तरी हृदयाविषयी बोलता बोलता दोघेही चुलीपाशी आले. आपल्याकडे पहाटे तांदळाची भाकरी थापण्याचा आवाज ज्याने अंथरुणात पडून ऐकला आहे, त्याला याचा अर्थ मी सांगायला नको.

आता एक विनंती. पहिल्या शुक्रवारी सकाळी मी आणि कम्युनियन सेवक आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन येतो. बहुतेक घरांत असे होते की आम्ही आत आलो की खुर्च्या पुसल्या जातात, पंखा लावला जातो, सून स्वयंपाकघरात चहा ठेवायला धावते, मुलगा मोटारसायकल बाजूला घ्यायला खाली जातो. आजारी माणसाच्या खाटेजवळ उरतो आम्ही आणि ते. प्रार्थना होते, आशीर्वाद होतो, तोवर चहा येतो. येत्या पहिल्या शुक्रवारी घरात जे कोणी असेल त्यांनी ती दहा मिनिटे खाटेच्या कडेला बसावे. आजाऱ्याचा हात हातात घ्यावा. त्यांना काही बोलायचे असेल तर बोलू द्यावे, नसेल तर गप्प बसावे. ज्यांच्या घरी एकच वृद्ध व्यक्ती आहे आणि मुले परगावी किंवा परदेशी आहेत, त्यांची नावे शेजाऱ्यांनी बुधवारपर्यंत कार्यालयात कळवावीत. युवक मंडळातील दोघे जण आमच्याबरोबर येतील आणि आम्ही पुढच्या घरी गेल्यावरही थोडा वेळ थांबतील. चहा नको.